गिनीपिगवाली अक्का

आमची अक्का कोणालाही एकटं गिनीपिग देत नसे. माणूस पुण्याहून मोटारीनं आलेला असो, नाहीतर पौडच्या दवाखान्यातला ओळखीचा कंपाउंडर असो, मिळायची ती जोडीच, आणि तीही दोन माद्यांची. नर-मादी नेलीत तर वर्षभरात घरात पाय ठेवायला जागा उरणार नाही, हे ती आधीच सांगून टाकायची. एकदा एक गृहस्थ स्कूटरवरून आले. मुलाच्या वाढदिवसासाठी त्यांना एकच हवं होतं. ते जगलं तर पुढच्या महिन्यात दुसरं नेऊ, असा त्यांचा बेत होता. अक्कानं त्यांना ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "पैलं जगलं तर दुसरं नेनार. आन पैल्यानं कुनाच्या तोंडाकडं बघून जगायचं?" गृहस्थ हसले. अक्का हसली नाही. ते रिकाम्या पिशवीनं परत गेले, पुढच्या रविवारी मुलाला घेऊन आले आणि जोडी घेऊन गेले.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन कोळवण खोऱ्यातल्या त्या घरात आले ती सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराला. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मामंजी, अक्का आणि मी. आमचे हे एसटीत कंडक्टर, लांबच्या डेपोत, पंधरवड्यातून एकदा उगवायचे. थोरले भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, मुंबईला गिरणीत होते. होते असं आपलं म्हणायचं. माझ्या लग्नालासुद्धा ते आले नव्हते. तिकडं त्यांचं दुसरं बिऱ्हाड आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण आमच्या घरात त्याचा उच्चार होत नसे. अक्काच्या पदरात मूल नव्हतं. सुरुवातीला मी तिला अहोजाहो करायचे. मग एकाच खोलीत निजणाऱ्या, एकाच चुलीचा धूर खाणाऱ्या दोन बायकांना ते अवघड होऊ लागलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात कधीतरी मी अगंतूगंवर आले. तिनं ते ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं, आणि त्या रात्री माझ्या ताटात दह्याची मोठी कवडी वाढली.

मामंजी वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं मी सासऱ्याचं उणं काढायला बसले आहे. कष्टाळू होते, व्यसन नव्हतं, सुनांवर कधी हात उगारला नाही. त्यांचा एकच नियम होता: "जनावरापाशी मानूस पायजे." गोठ्यात दोन म्हशी आणि बैलजोडी. त्यांच्यापाशी कोणीतरी कायम हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे आम्ही. कोणाचं लग्न निघालं, जत्रा आली, माहेरून सांगावा आला की मामंजी जनावरांकडं बोट दाखवायचे. मला पौडला बालवाडीवर नोकरी लागत होती, मॅट्रिक होते मी. त्यावरही तेच उत्तर मिळालं. अक्काचं माहेर ताम्हिणीकडचं. आईबाप गेल्यावर ती एकदा तिकडं निघून गेली होती, माझ्या लग्नाच्या आधी. भावानं जेवू घातलं, लुगडं नेसवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बसमध्ये बसून परत आणून सोडलं. त्या दिवशी मामंजींनी तिला सांगितलं की नवरा येईपर्यंत या घरातून पाऊल बाहेर टाकायचं नाही. तो आला की त्याला विचार आणि हवं तिथं जा.

या घरात गिनीपिग आली ती ओढ्यापलीकडच्या बाईंमुळं. त्या पुण्याला औषधांच्या कॉलेजात शिकवायच्या. ओढ्याच्या कडेला जमिनीचा तुकडा घेऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. मुलीची हौस म्हणून त्यांनी एक जोडी पाळली होती, एक पांढरं-तांबडं आणि एक काळं. मुलगी शाळेच्या वसतिगृहात गेली आणि बाई ती जोडी एका उघड्या खोक्यात घालून अक्काकडं घेऊन आल्या. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत सांभाळाल का? ती दिवाळी काही आली नाही. मामंजींनी खोक्यात वाकून बघितलं आणि विचारलं, दूध देतात का, राखण करतात का, अंडी घालतात का. मग हात झटकून गेले. जाताना त्यांची नजर खोक्याच्या कडेवर पडली. वीत-दीड वीत उंचीची फळी आणि वर झाकण नाही. "उडी मारायची अक्कल न्हाई व्हय यास्नी?" म्हणून ते हसले. ते लांब गेल्यावर अक्का माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "अक्कल आसंल की. पर आजवर कुनी उडी मारल्याली त्यांनी बघितलीच नसंल."

पहिल्या पावसाळ्यात आम्ही ती जोडी मारली. मारली म्हणजे मायेनं मारली. आमच्या खोऱ्यात पाऊस एकदा लागला की भिंतींना बुरशी येते आणि डासा-गोमाशांनी जनावरं बेजार होतात. मग गोठ्यात ओला पाला टाकून धूर करायचा. म्हशी धुराशेजारी शांत उभ्या राहतात, वासरंसुद्धा. आम्ही खोकं गोठ्यातच ठेवलं होतं, तेव्हा यांनाही धूर केला, उलट लहान जीव म्हणून जरा जास्तच केला. दोन दिवसांत पांढऱ्या-तांबड्याच्या नाकातून पाणी यायला लागलं, श्वास घेताना कूस उडायला लागली. ते गेलं आणि मागोमाग आठवड्यात काळंही गेलं. काळ्याला तसं काही झालं नव्हतं. ते नुसतं कोपऱ्यात बसून राहिलं, खाईना. अक्कानं त्याला ओटीत घेऊन दूर्वा भरवायचा प्रयत्न केला. ते तिच्या हाताकडं तोंडच वळवीना.

तेव्हापासून ती एकटं देईनाशी झाली. मी तिची थट्टा करायचे की तू गिनीपिगांची सोयरीक जुळवतेस. पण ते काळं ओटीत घेऊन बसलेली अक्का मी पाहिली होती, त्यामुळं थट्टा फार ताणत नसे.

बाईंना मेल्याचं सांगायची आम्हाला धास्ती होती. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या खेपेला त्यांनी दुसरी दोन जोडपी आणली आणि ओट्यावर बसून अक्काला सगळं नीट समजावून सांगितलं. यांची छाती नाजूक, धूर नको, वारा नको, ओल तर मुळीच नको. आणि एक गोष्ट सांगितली ती अक्काच्या मनात कायमची बसली. म्हैस, बैल, कुत्रं यांच्या शरीरात एक सत्त्व आपोआप तयार होतं, ते गिनीपिगाच्या शरीरात होत नाही आणि माणसाच्याही होत नाही. ते रोज बाहेरून, ओल्या पाल्यातून आणि आवळ्या-पेरूतून मिळावं लागतं. नुसत्या सुक्या गवतावर ठेवलं तर पोट भरतं, पण मागचे पाय लुळे पडतात. अक्कानं सुक्या गवताची काडी उचलून बोटांत फिरवून बघितली. मग मला म्हणाली, "म्हंजी पोट भरल्यालं आसतं आन तरी पाय जात्यात." मी हो म्हटलं. संध्याकाळी भाकऱ्या करताना तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं.

मग तिनं तो व्याप असा काही मनावर घेतला की विचारू नका. अंथरुणासाठी आधी भाताचं तूस वापरून बघितलं. ते डोळ्यात टोचायला लागलं. पौडच्या वखारीतून लाकडाचा भुसा मागवला, तर पिल्लं शिंकायला लागली. शेवटी ती पेंढ्यावर आली. तोही कुठलाही नाही. माळ्यावर रचलेल्या पेंढ्यांतल्या वरच्या पेंढ्या कौलांच्या गळतीनं ओलावतात, खालच्या पेंढ्या माळ्याखालून चढणाऱ्या दमटपणानं. म्हणून ती मधल्या पेंढ्या ओढून काढायची, त्या हातानं मळून मऊ करायची, खाली गोणपाट आणि वर हा पेंढा टाकायची. मुतानं भिजलेला कोपरा रोज सकाळी काढायचा आणि एक दिवसाआड सगळंच बदलायचं. मधल्या पेंढ्या ओढल्यानं माळ्यावरची रास कलायची आणि मामंजी आम्हाला बोल लावायचे. बोलणी मीही खाल्ली आहेत, उगाच कशाला लपवू.

खाण्याचंही तसंच. वाळलेलं गवत खोक्यात कायम हवं, कारण यांचे दात जन्मभर वाढतात आणि चावायला मिळालं नाही तर तोंड मिटेनासं होतं. हरळी सकाळी कापायची, पण दवाची किंवा पावसाची ओली तशीच द्यायची नाही, पोट फुगतं. ती ओट्यावर सावलीत पसरून, पाणी उडालं की द्यायची. मोरीच्या पाण्यावर अक्कानं कोथिंबिरीचा वाफा केला. घरच्या भाजीत कोथिंबीर पडायची नाही, सगळी खोक्यात जायची. थंडीत डोंगरावरचे आवळे आणून त्यांची इवलीशी फोड प्रत्येकाला, पेरूची कोवळी डहाळी कुरतडायला. शिजलेलं काही नाही. भाकरी नाही, भात नाही. मामंजी एकदा कौतुकानं दूध-भाकरीचा काला घेऊन आले, तर तिनं वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. सासऱ्याच्या हातातून काही काढून घेताना मी तिला तेवढं एकदाच पाहिलं.

रविवारी पुण्याची माणसं यायची. बाईंच्या ओळखीनं एक आलं, त्याच्या ओळखीनं दुसरं. पहिल्यांदाच पाळणाऱ्या माणसाला अक्का तशी सोडत नसे. त्याला खोक्यापाशी उकिडवं बसवून त्याचा हात अंथरुणाला लावायला लावायची. आणि तळहात नव्हे. "मागली बाजू लावा हाताची. तळवा कामानं मेल्याला आसतोय, त्याला ओल कळत न्हाई." मोठमोठे साहेब पँट सांभाळत उकिडवे बसून पेंढ्याला हाताची पाठ लावत असायचे, हे दृश्य बघायला मी मुद्दाम बाहेर यायचे. मग ती सांगायची की उचलताना वरून झडप घालू नका, घारीनं नेल्यागत वाटतं त्याला, दोन्ही हात खालून घाला. खोक्यात लपायला जागा ठेवा. फुटक्या माठाचा तुकडा पालथा घातला तरी चालतो, पण त्याला दोन वाटा पाहिजेत. लपायच्या जागेला एकच वाट असली की जीव आत अडकतो, आणि दुसरं अंगावर आलं तर त्यानं जायचं कुठं. जोडीमागं जे पैसे यायचे ते मामंजींच्या बंडीच्या खिशात जायचे, त्याबद्दल अक्का कधी चकार शब्द बोलली नाही.

आणि ती एक सांगायची, ते अगदी शेवटी, माणूस निघाला की. "ह्ये जनावर दुखनं दावत न्हाई. दावलं म्हंजी लई उशीर झाल्याला आसतोय. तवा रोज उचलून बगा, वजन कमी वाटतंय का." माणसं मान डोलवायची. मी मात्र त्या वेळी अक्काच्या मनगटाकडं बघायचे. बांगड्या सैल होत चालल्या होत्या.

असंच एकदा आम्ही दोघी अंथरूण बदलत होतो. पिल्लं झाली होती, पहिल्याच दिवशी डोळे उघडे ठेवून तुरुतुरु पळणारी. अक्का ओला पेंढा गोळा करता करता सहज म्हणाली, "मला हितनं जायचंय, गं. कुटं त्ये कळलं की जानार." मी हातातलं काम थांबवलं. तिनं थांबवलं नाही. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही गेलीस. ती म्हणाली, "जायला जागा लागती. नुसती वाट आसून काय करायचं."

आणि मग जागा निघाली. ब्याऐंशीच्या सुरुवातीची गोष्ट. बाईंच्या कॉलेजात प्राणी ठेवायची खोली होती, तिथं गिनीपिग सांभाळणारा माणूस निवृत्त झाला. बाईंनी अक्काचं नाव सुचवलं. पगार मिळणार होता आणि मागच्या आवारात राहायला एक खोली. बाईंनी हे ओट्यावर बसून मामंजींच्या देखतच सांगितलं. मामंजी नम्रपणे म्हणाले, तिचा धनी आला की विचारू, आमची काय ना नाही. मला हसू आलं, कारण धनी येण्याची शक्यता तेव्हा म्हशीला पंख फुटण्याइतकीच होती. पण अक्का त्या दिवसापासून वेगळी चालायला लागली. मला गिनीपिगांचं एकेक काम शिकवायला लागली. ती जाणार आणि मी मागं राहणार, हे मला समजत होतं. मला तिच्यासाठी फार आनंद झाला होता आणि माझ्यासाठी तितकीच भीती वाटत होती.

मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला होता. एका दुपारी बसमधून एक वाळलेला माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन उतरला आणि आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी त्यांना ओळखलं नाही. अक्कानं दारातून बघितलं, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. थोरले भावोजी आले होते. तिकडच्या बिऱ्हाडाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मामंजी त्या दिवशी लहान मुलासारखे रडले, आणि खोटं कशाला बोलू, त्यांना तसं रडताना बघून मलाही भरून आलं.

अक्कानं तीन-चार दिवस जाऊ दिले. मग सगळ्यांच्या देखत नवऱ्याला विचारलं, पुण्याला कामाला जाऊ का. मामंजीच म्हणाले, "आता कुटं जातीस? आता तर त्यो आलाय." म्हणजे तो नव्हता तेव्हा तो नव्हता म्हणून जायचं नाही, आणि तो आला तर तो आला म्हणून. अक्का मान खाली घालून भाकरी थापत राहिली. मला तिथल्या तिथं परात आपटावीशी वाटली.

भावोजींना खोकला होता, गिरणीतल्या धुळीचा. पौडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की घरात धूळ, भुसा, जनावरांचे केस काही नकोत. म्हशी गोठ्यात होत्या, पण गिनीपिगांची खोकी तोपर्यंत पडवीत आली होती, भावोजींच्या बाजेला लागून. मामंजींनी फर्मान काढलं की ही ब्याद उद्याच्या उद्या घरातून हलवायची. बाईंना निरोप गेला. त्या म्हणाल्या, सगळीच्या सगळी घेऊन या, कॉलेजात जागा आहे. पोचवायला कोण जाणार, तर अक्काच. तिच्याशिवाय ती कोणाच्या हातात शांत राहत नसत. सकाळच्या बसनं जायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचं, असं मामंजींनी ठरवून दिलं.

पहाटे मी पेंढा मळून देत होते. अक्कानं मोठ्या खोक्याच्या तळाशी गोणपाटाऐवजी आपली दोन लुगडी घडी घालून ठेवली, त्यावर चोळ्या, आणि वरून पेंढा पसरला. मी बघितलं. ती म्हणाली, "बहुतेक न्हाई यायची मी." मी तिच्या पाया पडले. तिनं मला उठवलं आणि म्हशीच्या धारेची वेळ चुकवू नकोस म्हणून बजावलं. बसच्या टपावर खोकी चढवायला ती तयार नव्हती. कंडक्टर आमच्या ह्यांच्या ओळखीचा निघाला म्हणून ती आत घेता आली. बस वळणाआड गेली तेव्हा आतून गिनीपिगांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुपारपासून मामंजी ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत होते आणि मी मागच्या दारी उभी राहून देवाला विनवत होते की बस रिकामी येऊ दे. संध्याकाळची बस आली. अक्का उतरली. तिच्यामागून कंडक्टरनं एकेक करून सगळी खोकी उतरवली, आणि सगळ्या खोक्यांतून आवाज येत होता.

मामंजी काही बोलायच्या आत तीच बोलली. ओट्याच्या पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तितं एकेकटी ठेवत्यात." मग सगळं सांगितलं. बाईंनी तिला दोन्ही खोल्या दाखवल्या. तिची राहायची खोली चांगली होती, खिडकी होती, नळ होता. प्राण्यांच्या खोलीत लोखंडी पिंजरे होते, एकेका पिंजऱ्यात एकच जीव, मध्ये पत्रा, खाली पेंढा नाही, नुसती जाळी. औषधं टोचून कुणाला काय होतं ते टिपायचं असतं, म्हणून एकत्र ठेवता येत नाहीत. बाईंना हे आधी सांगायचं राहून गेल्याचं फार वाईट वाटलं. त्यांनी तिला समजावलं की या कामातून माणसांची औषधं तयार होतात. ते अक्काला पटलंही. "काम खोटं न्हाई त्यांचं," ती म्हणाली. "पर रोज एकेकाला येगळं काडून कोंडायचं, त्ये माज्या हातानं व्हायचं. मी सुटनार कशावर, तर त्यावर."

मामंजी म्हणाले, ते सगळं खरं, पण ही इथं राहणार नाहीत, डॉक्टरांनी सांगितलंय. अक्का म्हणाली, नकोच. खळ्यावरची खोली रिकामी आहे, दगडी भिंती आहेत, पत्रा गळत नाही. तिथं ठेवते. मामंजींनी मान हलवली. आणि मग ती तितक्याच साध्या आवाजात म्हणाली, "आन जनावरापाशी मानूस पायजे. मी तितं ऱ्हानार."

ते वाक्य मामंजींचंच होतं. ते खोटं पाडायचं तर गेली कित्येक वर्षं त्यांनी ज्याला ज्याला अडवलं ते सगळंच खोटं पडत होतं. शेवटी ते म्हणाले, आणि तुझ्या नवऱ्याचं कोण बघणार? अक्कानं भावोजींकडं बघितलं. आल्यापासून तिनं त्यांच्याकडं इतकं सरळ बघितलेलं मला आठवत नाही. "जेवन मी करीन. औशद येळंवर दीन. धारा काडीन. यास्नी काय कमी पडू देनार न्हाई. पर ऱ्हानार तितं." भावोजी खोकले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला, आबा." त्या माणसाच्या तोंडून अक्कासाठी निघालेला तेवढाच एक शब्द मी ऐकला, आणि त्याबद्दल मी त्यांना मनातून बरंच माफ केलं.

ती तिथंच राहिली. भावोजी पुढं वारले. त्यांचं सगळं अक्कानं केलं, खळ्यावरून येऊन-जाऊन केलं, आणि लोकांना बोट ठेवायला जागा दिली नाही. मामंजी गेले. आम्ही ह्यांच्या बदलीबरोबर दूर गेलो, आणि अक्का गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. पुण्यातली माणसं तोपर्यंत तिच्याकडं जोड्या न्यायला येत होती. बाईही शेवटपर्यंत यायच्या आणि त्या खोलीत पेंढ्यावर बसून चहा प्यायच्या. खरं तर खळं आमच्या घरापासून दोन बांध ओलांडून. ओट्यावरून हाक मारली तर ऐकू जायची. एवढ्याला कोणी सुटणं म्हणणार नाही, हे मला कळतं. चुलीपाशी तिला दोन्ही वेळा यावंच लागे, आणि ती खळ्यावर राहायला गेल्यावर आमच्या निजायच्या खोलीत मी एकटीच उरले होते. पण ती तिकडं गेल्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार मी पाहिली आहे.

मी तिच्यासाठी ताक घेऊन गेले होते. भर दुपारी दार लावलेलं. मी ढकललं, तर ते उघडेना. आमच्या घरात बाहेरच्या दाराशिवाय कुठल्याच दाराला कडी नव्हती, बायकांच्या खोलीला तर नाहीच. कोणी कधीही दार लोटून आत यायचं, हाक आली की आम्ही हातातलं टाकून उठायचो. खोकी दुरुस्त करायला आलेल्या सुताराकडून अक्कानं आतून कडी बसवून घेतली होती. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, काय करायचं ते सुचेना. मग बोटांनी दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोन हाय?"

"मी गं, धाकटी."

"थांब वाईच," अक्का म्हणाली. "आत्ताच पडलीया जरा."

ती लगेच उठली नाही. मी ताकाचा तांब्या हातात धरून उन्हात उभी राहिले. मागं ओट्यावरून मामंजी मला हाका मारत होते, एक, मग दुसरी, मग तिसरी, आणि मी दाराकडं तोंड करून थांबून राहिले.